पुण्याच्या नदीकाठी स्वयंसेवक व्हायचंय? कोणत्या महिन्यात कोणतं काम, आणि ते कसं

पर्यावरण दिन ५ जूनला असतो आणि पुण्यात मोसमी पाऊस पोचतो साधारण १० जूनच्या आसपास. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं हातात रोप घेऊन नदीकाठी उतरतात, त्या दिवशी जमीन वाळून टणक झालेली असते. नदीवरचं बरंचसं श्रमदान असंच वाया जातं. माणसं कमी पडत नाहीत, हंगाम चुकतो. म्हणून इथे कामांची मांडणी नदीच्या वर्षाप्रमाणे केली आहे. मुठा, मुळा आणि संगमानंतरची मुळा-मुठा डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलंय. पवना, कृष्णा, गोदावरी अशा दख्खनच्या इतर नद्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. कोकणातल्या खाड्यांचं गणित भरती-ओहोटीचं, ते वेगळं.

आधी जागा ठरवा, मग माणसं जमवा

दोनशे ते तीनशे मीटरचा एकच काठ घ्या आणि वर्षभर तोच धरून ठेवा. दर रविवारी नवा घाट धरला तर फोटो छान येतात, पण कोणताच काठ सुधारत नाही. उपटलेलं तण सहा आठवड्यांत पुन्हा उगवतं आणि ते पाहायला तिथे कुणी नसतं. पुण्यात जीवितनदी ही संस्था ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’ हा उपक्रम याच विचाराने चालवते. विठ्ठलवाडीचा मुठाकाठ आणि औंधजवळचा राम-मुळा संगम ही त्यांची ओळखीची ठिकाणं. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतःचा गट काढण्याआधी अशा चालू गटात दोन-तीन महिने काम करावं. काठ वाचायला तिथेच शिकायला मिळतं.

जागा निवडताना चार गोष्टी पाहा: कचरागाडी किती जवळ येते, काठावर उतरायला धड पायवाट आहे का, वरून नाला सुटतो का आणि पूररेषा कुठे आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत काहीही लावा, ठेवा किंवा बांधा, ते कधीतरी पाण्याखाली जाणार हे धरूनच चाला.

नदीपात्र जलसंपदा खात्याचं, कचरा आणि उद्यानं महापालिकेची. काही पट्ट्यांत नदीसुधार प्रकल्पाचं काम चालू आहे, तिथे ठेकेदाराच्या हद्दीत शिरू नका. नुसती स्वच्छता करायची असेल तर क्षेत्रीय कार्यालयात एक पत्र आणि भागातल्या आरोग्य कोठीच्या (सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागेच्या) मुकादमाशी ओळख, एवढं सहसा पुरतं. लागवडीसाठी उद्यान विभागाचं लेखी उत्तर घ्या, नाहीतर दोन वर्षांनी तुमच्या जांभळावरून रस्ता जातो. झाड तोडायचं असेल, मग ते सुबाभळीचं का असेना, तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

ऑक्टोबर ते डिसेंबर: कचरा काढायचा खरा हंगाम

पूर ओसरला की फांद्यांवर, झुडपांत आणि पुलाच्या खांबांना कपडे, पिशव्या, गोधड्या लटकलेल्या दिसतात. कचरा तेव्हा उंचावर असतो, कोरडा असतो आणि तणही फार दाट नसतं. हाच कचरा मे महिन्यापर्यंत गाळात रुतून बसतो.

पंधरा जणांच्या गटाला लागणारं सामान असं:

- धान्याची किंवा सिमेंटची रिकामी पोती ४०. काळ्या पातळ पिशव्या बाभळीच्या काट्याने पहिल्या दहा मिनिटांत फाटतात.
- रबराचा थर दिलेले जाड हातमोजे २० जोड. दवाखान्यातले पातळ मोजे इथे काहीच कामाचे नाहीत.
- लांब दांड्याचे लोखंडी आकडे ४, विळे ४, घमेली ४, फावडी २, सुतळीचा गुंडा.
- घट्ट झाकणाचा तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. सुया, ब्लेड आणि काचा फक्त यातच.
- पिण्याचं पाणी, हात धुवायला वेगळं पाणी आणि साबण, प्रथमोपचाराची पेटी.

पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेत. चपला घालून आलेल्याला काठावर उतरू देऊ नका, त्याला वर पोती मोजायला बसवा. गमबूट दिसायला योग्य वाटतात, पण मुठेच्या गाळात ते रुततात आणि आत पाणी भरलं की पाय निघत नाही.

पाच-पाच जणांच्या टोळ्या करा. दोघं कचरा ओढतील, एक जण पोतं धरेल, एक जण पोतं बांधून वर नेईल आणि पाचवा फक्त लक्ष ठेवेल: पाण्याकडे, कुत्र्यांकडे, थकलेल्या माणसाकडे. हा पाचवा माणूस बहुतेक गट ‘कामाला’ लावून टाकतात आणि अपघात तेव्हाच होतात.

अडीच तासांच्या कामातला निम्मा वेळ कचरा वर नेण्यात जातो, हे आधीच धरा. ओल्या कपड्यांचं भरलेलं पोतं सहज वीस-पंचवीस किलोचं होतं, म्हणून ओला कचरा असेल तर पोतं एक तृतीयांशच भरा. गाळात अर्धी पुरलेली साडी किंवा सतरंजी जोर लावून ओढू नका. तिच्याबरोबर काठाची मातीही ढासळते आणि पुढच्या पुरात तिथे घळ पडते. मातीच्या पातळीला विळ्याने कापा, वरचा भाग न्या, उरलेला पुढच्या वर्षी उघडा पडेल तेव्हा काढा.

कचऱ्याची वर्गवारी काठावरच करा, पण फार बारीक नको. काचेच्या बाटल्या आणि धातू भंगारात जातात. दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या जरा स्वच्छ असतील तरच कचरावेचक घेतात. गाळाने माखलेलं प्लास्टिक आणि वेफर्सची चकचकीत पाकिटं कुणीच घेत नाही, ती सरळ गाडीत. देवांच्या तसबिरी हा पुण्याच्या नदीकाठचा खास प्रकार. त्या वेगळ्या ठेवा, काच आणि चौकट सुटी करा आणि चित्रं एखाद्या मूर्ती-तसबिरी संकलन केंद्रात द्या. पोत्यात कोंबलेली तसबीर पाहून काठावरच्या कुणाचं तरी मन दुखावतं आणि पुढचे सहा महिने तो माणूस तुमच्या कामात आडवा येतो.

सगळ्यात मोठी चूक शेवटी होते: गाडी ठरवलेली नसते. कोठीला दोन दिवस आधी सांगा, पोती किती निघतील याचा अंदाज द्या, ती कुठे रचणार ते मुकादमाला जागेवर नेऊन दाखवा आणि गाडी निघेपर्यंत दोघांनी थांबा. काठावर राहिलेली पोती कुत्री फाडतात किंवा रात्री कुणीतरी पेटवून देतं. वाचली तर पुढच्या पावसात नदीत.

घाटावर दशक्रियेला आलेल्या कुटुंबाशी त्या वेळी काहीही बोलू नका. मडकी आणि वस्त्रं विधी आटोपल्यावर तासाभराने उचला.

तण: काय उपटायचं, काय कापायचं

हे काम सगळ्यात कौशल्याचं आहे आणि सगळ्यात कमी लोकांना आवडतं, कारण फोटोत काही दिसत नाही.

गाजरगवत जुलै-ऑगस्टमध्ये, फुलं यायच्या आत उपटा. एकेक झाड हजारांनी बी टाकतं, त्यामुळे पांढरी फुलं आल्यावर उपटून ढीग घातला तर तुम्ही पेरणीच केली. त्याने अंगाला खाज येते, काहींना दमाही होतो. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मोजे सक्तीचे, दम्याच्या माणसाला हे काम देऊ नका.

घाणेरी वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते. बुंध्याजवळची माती कुदळीने बाजूला करा, जमिनीच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली सोटमूळ तोडा आणि सगळं झुडूप उलटं करून ठेवा. सुलटं टेकलेलं झुडूप फांदीतून पुन्हा मूळ धरतं. फळं धरायच्या आत हे करायला हवं. झुडूप निघालेल्या जागी महिन्याभरात गवत किंवा निरगुडी लावली नाही, तर पाखरांनी टाकलेल्या बियांतून पुन्हा घाणेरीच उगवते.

बेशरमाचं नाव सार्थ आहे. फांदीचा वीतभर तुकडा ओल्या मातीत पडला की रुजतो. कापलेला प्रत्येक तुकडा कोरड्या खडकावर वाळत घाला आणि संध्याकाळी खालची जागा पुन्हा एकदा तपासा. सुबाभळीची गुडघ्याएवढी रोपं मात्र चांगल्या पावसानंतर हाताने सहज निघतात. महिनाभर उशीर केला तर कुदळ लागते, वर्षभर केला तर परवानगी.

जलपर्णीबद्दल स्पष्टच सांगायला हवं: स्वयंसेवकांनी त्यात पडू नये. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. माणसं दमतात, पाण्यात उतरावं लागतं आणि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद मिळत असेपर्यंत ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तिच्यासाठी यंत्र लागतं, आणि मैलापाणी अडवावं लागतं. काठालगतचा एखादा छोटा डोह असेल तर लांब आकड्याने ओढून काढा आणि ढीग पाण्यापासून इतका लांब घाला की पूर आला तरी परत जाणार नाही.

कोणतंही तण काढण्याआधी एक नियम पाळा: ज्याचं नाव ओळखता येत नाही ते उपटायचं नाही. लव्हाळा, पाणकणीस आणि काठावरचं गवत ‘स्वच्छता’ म्हणून साफ केलेले काठ पुण्यात भरपूर आहेत. माती धरून ठेवणारी हीच झाडं, आणि टिबुकली, पाणकोंबडीची घरटीही यातच असतात.

लागवड: दोन काठ, दोन हंगाम

वरचा काठ, म्हणजे नेहमीचा पूर जिथे पोचत नाही तो भाग, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा: जूनअखेर ते जुलै. खालचा काठ पूर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. खाली जुलैत लावलेलं रोप धरणातून पाणी सोडलं की पहिल्याच विसर्गात वाहून जातं. ऑक्टोबरमध्ये लावलेल्याला पुढचा पूर येईपर्यंत आठ महिने मुळं सोडायला मिळतात, फक्त उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं.

वरच्या काठाला करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, निरगुडी. खाली पाण्यालगत वाळुंज, आणि खडकाळ पात्रात शेरणी. गुलमोहर, गिरिपुष्प, सप्तपर्णी फुकट मिळाली तरी इथे नकोत. वाळुंज काडीने लागतो: अंगठ्याएवढी जाड, दीड-दोन फूट लांबीची काडी, नवी पालवी फुटायच्या आत कापून दोन तृतीयांश मातीत खोचायची, शेंडा वर ठेवून. उलटी खोचलेली काडी वाळते, आणि घाईत दहातल्या दोन उलट्या जातातच. म्हणून कापतानाच खालचं टोक तिरकं कापा, मग चूक होत नाही.

रोपासाठी खड्डा दीड फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. मातीत पाच-सात किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. अर्धकच्च्या शेणाने हुमणी येते. पिशवी कापून पूर्ण काढा, तळाशी गोल फिरलेली मुळं कात्रीने छाटा. रोप पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच खड्ड्यात पुरा, त्याहून खोल नको. रोप निदान चार फुटी असावं, फूटभराचं रोप गवतात हरवतं आणि गवत कापणाऱ्याच्या विळ्याखाली जातं. बांबूची काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवा आणि सुतळीने सैल बांधा. बुंध्याभोवती हातभर पालापाचोळा घाला, पण खोडाला चिकटवू नका. मोठ्या झाडांत तीन मीटर अंतर, झुडपांत एक.

नोव्हेंबरपासून रोपाला आठवड्याला दहा लिटर पाणी, एप्रिल-मेमध्ये दोनदा. म्हणजे शंभर रोपांना ऐन उन्हाळ्यात आठवड्याला दोन हजार लिटर. हा हिशेब लागवडीआधी करा. टँकरची किंवा बादल्यांची सोय नसेल तर वीस रोपं लावा. बीजगोळे फेकण्याचा कार्यक्रम मुलांना आवडतो, पण काठावरच्या दाट गवतात त्यातून झाड उभं राहिलेलं क्वचितच दिसतं.

जानेवारी: पाखरं आणि पाणी

वजन उचलता न येणाऱ्यांसाठी हा सगळ्यात चांगला काळ. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. मुळा-मुठेवर येरवड्याजवळचं डॉ. सलीम अली अभयारण्य ही पुण्यातली तिची जुनी जागा. सकाळी साडेसहा ते साडेआठ, तिघांचा गट: एक पाहणारा, एक नोंद करणारा, एक काठावरच्या हालचाली टिपणारा. दुर्बीण ८ × ४२ ची पुरते. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजून तेवढी जागा नजरेत धरा आणि थव्यात अशा किती जागा बसतात ते मोजा. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, रकाना कोरा सोडू नका. कोऱ्या रकान्यावरून पक्षी नव्हता की कुणी पाहिलंच नाही, हे पुढच्या वर्षी कळत नाही.

संख्या वाढली म्हणजे नदी सुधारली असं नाही. शेकाटे शेकड्यांनी दिसले तर ते बहुतेकदा मैलागाळाच्या उथळ पाण्यातल्या अळ्या खायला आलेले असतात. नदीसुरय किंवा धीवर (खंड्या) किती, हा प्रश्न जास्त कामाचा. त्यांना मासे लागतात, आणि मासा दिसेल इतपत नितळ पाणी.

पाण्याची तपासणी दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी करा. साधं तापमापक, पीएच पट्ट्या आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा संच एवढ्याने सुरुवात होते. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, तोंड प्रवाह येतो त्या दिशेला करून पाण्याखाली भरा आणि झाकणही पाण्याखालीच लावा. बुडबुडा राहिला की आकडा फुगतो. मोजमाप सूर्योदयाच्या आसपास घ्या. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, त्यामुळे घाण डोहसुद्धा कागदावर निरोगी दिसतो. पुण्याच्या उंचीवर २५ अंशाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत आंघोळीच्या पाण्याला किमान ५ आणि मासे व वन्यजीवांच्या पाण्याला किमान ४ मिलिग्रॅम लागतात. नाला मिळतो त्याच्या वर आणि खाली असे दोन नमुने घेतले तर तक्रारअर्जाला वजन येतं.

मार्च ते मे कामं थोडी: रोपांना पाणी, वाळलेल्या गवतात आगपट्टा (आग पसरू नये म्हणून गवत काढलेली पट्टी), पुढच्या हंगामासाठी बिया. या महिन्यांत वाळू-गोट्यांच्या बेटांवर मुळीच जाऊ नका. नदीसुरय आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, गोट्यांत ती दिसत नाहीत आणि पायाखाली फुटतात.

गणेशोत्सवातलं निर्माल्य

दीड, पाच, सात आणि दहा दिवसांचे गणपती, शिवाय गौरी विसर्जन. तीन-तीन तासांच्या पाळ्या लावा, एका घाटावर आठ जण पुरतात. टेबल पाण्याच्या कडेला मांडू नका, घाटाच्या प्रवेशाशी मांडा. पायऱ्या उतरून गेलेला माणूस हातातलं निर्माल्य परत वर आणत नाही. उपदेश नको. ‘काका, आरती इथे करून घ्या, निर्माल्य आमच्याकडे द्या, त्याचं खत करतो’ एवढं पुरतं. दोरे, कापराच्या पुड्या, प्लास्टिक आणि नारळ तिथल्या तिथे वेगळे करा. रात्रभर पडलेल्या चिखलासारख्या ढिगातून दोरा निघत नाही.

दोन घमेली निर्माल्याला एक घमेलं वाळला पालापाचोळा मिसळा आणि आठवड्याला एकदा खालीवर करा. दोनेक महिन्यांत खत होतं. वास आला तर ओल जास्त झाली असं समजून आणखी पालापाचोळा घाला.

घरी विसर्जन करणाऱ्यांना प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेट देण्याचा उपाय राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुण्यातच सुचवला. प्रमाण साधारण मूर्तीच्या वजनाइतकं. बादली गॅलरीत किंवा अंगणात ठेवायला सांगा, न्हाणीघरात नको, कारण अमोनियाचा वास सुटतो. अधूनमधून ढवळलं तर दोन-तीन दिवसांत मूर्ती विरघळते. मूर्तीवरचं रंगकाम आधी जितकं निघेल तितकं खरवडून काढावं. वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, ते भरपूर पातळ करून झाडांना घालता येतं.

सुरक्षितता, न टाळता

पावसाळ्यात पात्रात उतरायचं नाही, पाणी घोट्याएवढं असलं तरी. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं. शहरातल्या पावसाशी त्याचा संबंध असेलच असं नाही, धरणक्षेत्रात कोसळलं की सकाळी कोरडा असलेला भिडे पूल दुपारी पाण्याखाली असतो. निघण्याआधी जलसंपदा खात्याचा विसर्गाचा आकडा पाहा.

सगळ्यांचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. हातापायाला उघडी जखम असलेल्याला त्या दिवशी काठावरचं काम नाही. काम केल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना नदीवर काम केल्याचं आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा संशय त्याशिवाय सहसा कुणाला येत नाही. गवतात आधी काठी आपटा, मग हात घाला. घोणस दिसली तर मागे सरा आणि वन खात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा. चावा झाला तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं यातलं काही नको. माणसाला चालू न देता, चावलेला अवयव न हलवता १०८ बोलवा.

शाळेची मुलं आली तर आठ मुलांमागे एक मोठा माणूस, आणि काम फक्त वरच्या काठावर. कंपनीचा शंभर जणांचा गट एका रविवारी येतो म्हणाला तर वीस-वीसचे पाच रविवार मागा. कंपनीने नकार दिला तर नकार घ्या. शंभर माणसांना पुरेल इतकी अवजारं आणि तण ओळखणारे पाच जण तुमच्याकडे नसतात. मग निम्मे लोक उभे राहतात आणि उरलेले निम्मे लव्हाळा उपटतात.

प्रत्येक वेळी एका वहीत पाच ओळी लिहा: तारीख, किती जण, किती पोती, कोणतं तण कुठून कुठपर्यंत काढलं, कोणती रोपं मेली. वही एकाच माणसाच्या घरी ठेवू नका. तिच्या पानांचे फोटो दर महिन्याला गटातल्या तिघांकडे जाऊ द्या, कारण गट चालवणारा माणूस गाव बदलला की बहुतेक काठांचा इतिहास त्याच्याबरोबर जातो.